एसपीएलमधल्या बूट फॉलबॅकचा पॅच: दुसरं साधन उठतं का, याआधी पहिलं कसं फसतं ते तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एएम३३५एक्स चिपवरचा, बीगलबोन ब्लॅकच्या वळणाचा एक बोर्ड आहे. आत ईएमएमसी (बोर्डावरच बसवलेली फ्लॅश मेमरी), बाजूला मायक्रोएसडी कार्डाचा स्लॉट. साइटवर अपडेट चालू असताना वीज गेली की काही बोर्ड पुन्हा उठत नाहीत. सिरीयल कन्सोलवर एसपीएल (यू-बूट या बूटलोडरचा आधी चालणारा छोटा टप्पा, जो पूर्ण यू-बूट उचलून चालू करतो) ‘सगळ्या साधनांवरून बूट फसलं’ अशा अर्थाची ओळ छापतं आणि थांबतं. चांगलं कार्ड घातलं तरी फरक पडत नाही. यावर तुमच्या सहकाऱ्यानं फॉलबॅकचा, म्हणजे पहिलं साधन फसलं तर दुसऱ्यावरून उठण्याचा, पॅच केला आहे. बोर्ड_बूट_ऑर्डर हे फंक्शन ओव्हरराइड करून यादीत पहिल्या जागी एसपीएल_बूट_डिव्हाइसकडून येणारं साधन ठेवलं आहे आणि दुसऱ्या जागी दोन एमएमसींपैकी (ईएमएमसी आणि कार्ड) उरलेलं. चाचणी म्हणून ईएमएमसीचे सुरुवातीचे काही मेगाबाइट शून्यांनी पुसले, कार्ड घातलं, बोर्ड उठला, लॉग जोडला. आणि तुम्ही विचारताय, मंजूर करू का?

दिशा बरोबर आहे, पण आज मंजूर करू नका. जोडलेल्या चाचणीत हा पॅच वापरलाच गेलेला नाही.

लॉग पुन्हा पाहा. त्यात ‘ट्राइंग टू बूट फ्रॉम एमएमसी१’ ही ओळ एकदाच आहे आणि तिच्याआधी ‘एमएमसी२’ची ओळ नाही. या चिपवर क्रमांकांचा घोळ होतो, म्हणून आधी तो स्पष्ट करतो. चिपच्या मॅन्युअलमध्ये कार्डाचा कंट्रोलर एमएमसी० आहे आणि ईएमएमसीचा एमएमसी१. यू-बूटच्या एसपीएलमध्ये तीच दोन साधनं एमएमसी१ आणि एमएमसी२ म्हणून छापली जातात. यू-बूटच्या प्रॉम्प्टवर आलात की पुन्हा शून्य आणि एक. म्हणजे तुमच्या लॉगमधलं एमएमसी१ हे कार्ड आहे आणि एसपीएलनं पहिलाच प्रयत्न कार्डावर केला आहे. ईएमएमसीवर प्रयत्न झालाच नाही, मग फॉलबॅक कुठून होणार?

झालं असं की फॉलबॅक चिपच्या बूट रॉमनं (चिपमध्येच कायमचा असलेला, सगळ्यात आधी चालणारा कोड) केला. बीगलबोन ब्लॅकवर एस२ बटण न दाबता वीज दिली की रॉमचा क्रम ईएमएमसी, कार्ड, यूएआरटी (सिरीयल पोर्ट), यूएसबी असा असतो. प्रत्येक एमएमसीवर रॉम एमएलओ, म्हणजे एसपीएलचीच इमेज, शोधतं: एकतर ०, १२८, २५६ आणि ३८४ केबी या ठिकाणी कच्च्या स्वरूपात, नाहीतर फॅट पार्टिशनमध्ये फाइल म्हणून. सापडलं की ते चिपच्या आतल्या रॅममध्ये उतरवतं (तिथे एमएलओला जास्तीत जास्त १०९ केबी जागा मिळते) आणि त्यात उडी मारतं. रॉमचं काम तिथे संपलं. पुढे एमएलओला यू-बूट सापडो न सापडो, रॉम परत येत नाही. तुम्ही सुरुवातीचे मेगाबाइट पुसले तेव्हा यू-बूटबरोबर एमएलओही गेलं. रॉमला ईएमएमसीवर काही मिळालं नाही, ते स्वतःच कार्डाकडे वळलं आणि कार्डावरच्या एमएलओनं कार्डावरचं यू-बूट उचललं. पॅच नसता तरी हेच झालं असतं.

साइटवरची तक्रार याच्या नेमकी उलट आहे. तिथे एमएलओ शाबूत आहे आणि यू-बूटची इमेज अर्धवट आहे. रॉम त्यावर समाधानी असतं, म्हणूनच कार्ड घालून काही होत नाही. तेव्हा चाचणीत एमएलओला हात लावू नका, फक्त यू-बूट बिघडवा. या बोर्डांवरच्या नेहमीच्या कच्च्या मांडणीत एमएलओ १२८ केबीवर आणि यू-बूट ३८४ केबीवर, म्हणजे ७६८व्या सेक्टरपासून असतं. तुमच्या अपडेट स्क्रिप्टमध्ये आकडे वेगळे असतील तर ते घ्या. मग लॉगमध्ये आधी एमएमसी२ची ओळ, तिच्याखाली चूक आणि त्यानंतर एमएमसी१ची ओळ दिसली पाहिजे. या तीन गोष्टी या क्रमानं दिसल्याशिवाय कोणत्याही फॉलबॅकच्या पॅचला मी पुढे जाऊ देत नाही.

आता पॅचकडे. यादीची ही सोय यू-बूटमध्ये २०१५च्या अखेरीस आली. त्याच सुमारास एसपीएलच्या लोडरना फसल्यावर थांबण्याऐवजी परतीचा कोड द्यायला लावलं गेलं, आणि हे दोन बदल एकत्र येणं अपरिहार्य होतं. लोडर जागच्या जागी थांबत असेल तर यादीतलं दुसरं नाव नुसतं लिहिण्यापुरतंच. खो-खोमध्ये पाठीमागून नीट खो मिळाल्याशिवाय बसलेला गडी उठू शकत नाही, तसंच इथे आहे. म्हणून रिव्ह्यूमध्ये माझा बहुतेक वेळ पहिल्या साधनावर जातो. ते फसलं हे त्याला स्वतःला कळतं का? कळल्यावर ते परत येतं का? आणि परत येताना मागे काय ठेवून जातं? तुमच्या सहकाऱ्यानं लिहिलेल्या चार ओळींत यातलं एकही उत्तर नाही. ती त्यांची चूक म्हणता येणार नाही, कारण उत्तरं दुसऱ्या फायलींमध्ये आहेत. पण रिव्ह्यू करणाऱ्यानं तिथे जायलाच हवं.

पहिल्या प्रश्नात सगळ्यात जास्त बोर्ड अडकतात. एसपीएलला इमेज ओळखायची असते तेव्हा ते सुरुवातीचा हेडर वाचतं. जुन्या पद्धतीच्या यू-बूट इमेजला ६४ बाइटांचा हेडर असतो आणि त्याच्या सुरुवातीला हेक्समध्ये २७०५१९५६ ही खूण असते. खूण जुळली नाही तर काय? ‘रॉ इमेज सपोर्ट’ हा कॉन्फिगरेशनचा पर्याय चालू असेल तर एसपीएल म्हणतं: खूण नाही, म्हणजे हे हेडर नसलेलं कच्चं यू-बूट असणार. मग ते उतरवून घेतं आणि त्यात उडी मारतं. पुसलेली ईएमएमसी, शून्यांनी भरलेला सेक्टर, काहीही असो, त्याला ते यू-बूटच वाटतं. लोडरनं यश कळवलेलं असतं, त्यामुळे यादीतल्या दुसऱ्या साधनापर्यंत गोष्ट जातच नाही. या पर्यायाच्या मदत-मजकुरातच लिहिलं आहे की तो बंद असेल तर एसपीएल योग्य इमेज शोधायला पुढच्या साधनाकडे जातं. फॉलबॅक हवा असेल तर हा पर्याय बंद ठेवणं ही पहिली अट आहे, आणि ती तुमच्या पॅचमध्ये नाही. तुमच्या डिफकॉन्फिगमध्ये (बोर्डाच्या बिल्ड-पर्यायांची फाइल) तो चालू आहे का हे नुसतं डिफकॉन्फिग वाचून ठरवू नका. त्यात फक्त डिफॉल्टपेक्षा वेगळ्या गोष्टी लिहिलेल्या असतात. बिल्ड झाल्यावर तयार होणारी पूर्ण कॉन्फिग फाइल उघडून पाहा.

पण एवढ्यानं भागत नाही. अपडेट चालू असताना वीज गेली तर नेमकं काय उरतं याचा विचार करा. स्क्रिप्ट इमेज सुरुवातीपासून लिहीत जाते. हेडर पहिल्याच सेक्टरमध्ये असतो, म्हणून तो बहुतेक वेळा नीट लिहिला गेलेला असतो. तुटतं ते मधलं किंवा शेवटचं. म्हणजे साइटवरच्या खऱ्या बिघाडात खूण जुळते, आकार जुळतो, हेडर शुद्ध असतो आणि आत निम्मं नवं यू-बूट, निम्मं जुनं. एसपीएल ते आनंदानं स्वीकारतं. जुन्या पद्धतीच्या इमेजच्या हेडरमध्ये डेटाचा सीआरसी (बिघाड पकडण्यासाठीचा तपासणी-आकडा) लिहिलेला असतो, पण एसपीएलनं तो तपासावा यासाठी वेगळा पर्याय चालू करावा लागतो. फिट इमेजचंही, म्हणजे यू-बूटच्या नव्या पद्धतीच्या इमेजचंही, तसंच आहे. इमेजच्या आत हॅश असला तरी एसपीएलमध्ये फिट सिग्नेचरचा पर्याय चालू नसेल तर तो हॅश कुणी पाहत नाही. तुमच्या तक्रारीतले काही बोर्ड ‘बूट फसलं’ ही ओळ छापून थांबतात असं तुम्ही लिहिलं आहे. जे काहीच न छापता गप्प होतात, त्यांचे लॉगही मागवा. माझा अंदाज आहे की तेही याच बिघाडाचे बळी आहेत, फक्त अर्धवट यू-बूटमध्ये उडी मारून हरवलेले. आजच्या पॅचनं त्यांचं काहीच भलं होणार नाही.

म्हणून सीआरसी किंवा हॅशची तपासणी चालू करणं ही या दुरुस्तीचाच भाग समजा. त्यानं एमएलओचा आकार थोडा वाढेल आणि बूटला थोडा जास्त वेळ लागेल. १०९ केबीच्या मर्यादेत बसत नसेल तर न वापरल्या जाणाऱ्या गोष्टी काढा. एसपीएलमध्ये ईएक्सटी४ आणि फॅट दोन्ही असतील आणि वापरात एकच असेल, तर तिथून सुरुवात करा. तपासणीला मात्र हात लावू नका. जोडीला अपडेट स्क्रिप्टमध्ये एक छोटा बदल सुचवतो, त्याचा उपयोग लगेच होतो. आधी हेडरचा सेक्टर शून्य करा, मग इमेजचा बाकी भाग लिहा, सिंक करा, आणि हेडरचा सेक्टर सगळ्यात शेवटी लिहा. मध्ये कधीही वीज गेली तर खूण जुळत नाही आणि बिघाड लपून राहत नाही. जे बोर्ड आधीच साइटवर आहेत आणि ज्यांचं एमएलओ बदलायची हिंमत होत नाही, त्यांच्यासाठी हा बदल जास्त मोलाचा आहे. फक्त त्या जुन्या एमएलओत रॉ इमेजचा पर्याय चालू नव्हता ना, हे आधी पाहून घ्या.

दुसरा प्रश्न, फसल्यावर परत येण्याचा. बोर्डाच्या स्वतःच्या कोडमध्ये आणि तुमच्या शाखेतल्या एसपीएलच्या लोडरमध्ये हँग आणि पॅनिक या दोन नावांचा शोध घ्या. मुख्य प्रवाहातले एमएमसीचे लोडर परतीचा कोड देतात, पण चिप विकणाऱ्यांच्या शाखांमध्ये आणि बोर्डाच्या फायलींमध्ये ‘कार्ड नाही, थांबा’ अशा जागा मला वारंवार सापडतात. परतीच्या कोडाबद्दलही एक बारीक गोष्ट आहे. फॅटचा लोडर बराच काळ फसल्यावर उणे संख्या न देता १ देत आला आहे. यादीतली साधनं एकामागून एक वापरून पाहणारा लूप ‘शून्य म्हणजे यश, बाकी सगळं अपयश’ असं पाहतो म्हणून ते चालून जातं. तुमच्या सहकाऱ्यानं लूपला हात लावलेला नाही हे चांगलं आहे. पुढे कुणी चुका नीट छापण्यासाठी म्हणून तिथे ‘शून्यापेक्षा कमी असेल तर’ अशी अट घातली, तर फसलेलं फॅट यशस्वी ठरेल. तो बदल आला तर परत पाठवा.

तिसरा प्रश्न सगळ्यात कमी तपासला जातो, म्हणून त्यावर थोडा थांबतो. पहिलं साधन फसून परत येतं तेव्हा मागे काय राहतं?

एसपीएलच्या एमएमसी लोडरमध्ये एमएमसीचा पॉइंटर स्टॅटिक (एकदा भरला की टिकून राहणारा) ठेवलेला असतो, कारण एकाच साधनावरून अनेक इमेज वाचताना दरवेळी ते नव्यानं सुरू करण्यात वेळ जातो. हेतू चांगला आहे. आजच्या कोडमध्ये तो पॉइंटर रिकामा आहे का याबरोबरच त्याचा डिव्हाइस क्रमांक हव्या असलेल्या साधनाशी जुळतो का, हेही पाहिलं जातं. तुमच्या शाखेत ही दुसरी तुलना आहे का ते बघा. नसेल तर असं घडतं: ईएमएमसी सुरू झाली, पॉइंटर तिच्यावर राहिला, इमेज खराब निघाली, लोडर परत आला. लूपनं ‘ट्राइंग टू बूट फ्रॉम एमएमसी१’ छापलं. लोडरनं पाहिलं की पॉइंटर रिकामा नाही, म्हणून पुन्हा ईएमएमसीच वाचली. लॉगमध्ये कार्डावर प्रयत्न झाल्याचं दिसतं, कार्ड चांगलं असतं, आणि तरीही बूट फसतं. अशा वेळी लोक कार्ड बदलून बघतात, कार्डाचा स्लॉट बदलतात, कार्डाच्या कंपनीला दोष देतात. कार्डावर खरंच वाचन होतं का हे लॉजिक ॲनालायझर न लावता कळण्याची सोपी युक्ती आहे. कार्ड पूर्ण काढून घ्या आणि पाहा. कार्ड नसताना आणि असताना चुकीची ओळ अगदी तीच येत असेल, तर कार्डाला कुणी विचारलेलंच नाही. साधन सुरूच झालं नाही, तर पॉइंटर पुन्हा रिकामा केला जातो का, हेही त्याच जागी पाहून घ्या.

दुसरं उरणारं म्हणजे वाचण्याची पद्धत. एमएमसीवरून कच्चं वाचायचं, की फाइल म्हणून, की ईएमएमसीच्या बूट पार्टिशनमधून, हे बूट मोडवरून ठरतं. ओमॅप घराण्याच्या (एएम३३५एक्सही त्यातच येतो) कोडमध्ये हा मोड सुरुवातीला एकदा ठरवून ग्लोबल डेटात ठेवला जातो, आणि तो ठरतो रॉमनं कळवलेल्या पहिल्या साधनावरून. मग यादीतल्या दुसऱ्या साधनालाही तोच लागू होतो. लोडरमध्ये कच्चं वाचन फसलं तर पुढे फाइलचा प्रयत्न होतो, पण फाइलचा प्रयत्न फसला तर मागे कच्च्याकडे येत नाही. म्हणून ईएमएमसीकडून कार्डाकडे जाणं चालेल आणि कार्डाकडून ईएमएमसीकडे जाणं कदाचित चालणार नाही. तुमचा पॅच दोन्ही दिशांनी यादी करतो, म्हणजे दोन्ही दिशा तपासायला हव्यात. उलटी दिशा नकोच असेल तर यादीतून ती काढून टाका आणि कमिट संदेशात तसं लिहा.

तिसरी उरणारी गोष्ट म्हणजे इमेजची माहिती ठेवणारी स्ट्रक्चर. ती लूप सुरू होण्याआधी एकदाच शून्य केली जाते. पहिल्या साधनावरच्या फिट इमेजचा काही भाग वाचून झाला आणि मग हॅश जुळला नाही, तर फ्लॅग, एंट्री पॉइंट, डिव्हाइस ट्रीचा (हार्डवेअरच्या वर्णनाचा) पत्ता यातलं काही ना काही भरलेलं राहू शकतं. दुसऱ्या साधनावर त्याच प्रकारची इमेज असेल तर बहुतेक सगळं पुन्हा भरलं जातं. दोन्हीकडे वेगवेगळे प्रकार असतील तर जुनं आणि नवं मिसळतं. यावर उपाय म्हणून लूपमध्ये सरसकट मेमसेट (सगळी स्ट्रक्चर शून्य करणं) घालू नका. फाल्कन मोडसाठी (यू-बूट वगळून थेट कर्नल उठवण्यासाठी) लागणारा आर्ग्युमेंटचा पत्ता लूपच्या आधीच त्यात भरलेला असतो, तो पुसला जाईल. लूपआधीची स्ट्रक्चर बाजूला ठेवून प्रत्येक प्रयत्नाआधी ती परत आणणं हे स्वच्छ. तुमच्याकडे दोन्ही साधनांवर एकाच प्रकारची इमेज असेल, तर हे आजच करायला हवं असा आग्रह मी धरणार नाही.

यादीच्या शेवटाबद्दल एक इशारा. यादीत पाच जागा असतात आणि त्या सुरुवातीला ‘साधन नाही’ या किमतीनं भरलेल्या असतात. एएम३३५एक्सच्या फायलीत ही किंमत शून्य आहे. एआरएमच्या सामायिक यादीत मात्र शून्य म्हणजे रॅमवरून बूट, आणि ‘साधन नाही’ बरंच खाली येतं. तुमच्या पॅचमध्ये नावच वापरलं आहे, शून्य नाही. ते तसंच राहू द्या. हाच कोड उद्या दुसऱ्या चिपवर नेणारा माणूस तुमचे आभार मानेल.

दुसरं साधन एसपीएलमध्ये अस्तित्वात तरी आहे का, हे पटकन पाहून घ्या. एसपीएलसाठीची डिव्हाइस ट्री छाटलेली असते. ज्या नोडवर बूटच्या टप्प्याची खूण नाही तो नोड तिच्यात येत नाही. मग उणे १९ची चूक येते, म्हणजे असं साधन नाही. पिनमक्स (कोणती पिन कोणत्या कामाला, ती मांडणी) आणि क्लॉक दोन्ही कंट्रोलरचे एसपीएलमध्ये लावलेले हवेत. कार्ड नसेल तर उणे ११०, म्हणजे वाट पाहून थकलो, किंवा उणे १२३, म्हणजे आत काही नाही, अशा चुका दिसतील. त्या योग्यच आहेत.

आता पॅचमधली एक खरी चूक. यादीचं दुसरं नाव ठरवताना कोड म्हणतो: पहिलं ईएमएमसी असेल तर कार्ड, नाहीतर ईएमएमसी. या ‘नाहीतर’मध्ये यूएआरटी आणि यूएसबीही येतात. कारखान्यात यूएआरटीवरून नवं यू-बूट पाठवताना केबल हलली, वायमोडेम (सिरीयलवरून फाइल पाठवण्याची पद्धत) फसलं, तर एसपीएल निमूटपणे ईएमएमसीवरचं जुनं यू-बूट उठवेल. ऑपरेटरला प्रॉम्प्ट दिसेल आणि बोर्ड ‘पास’च्या ट्रेमध्ये जाईल. फॉलबॅक फक्त दोन एमएमसींपुरता ठेवा. बाकी साधनांवर यादीत एकच नाव असू द्या. हा बदल झाल्याशिवाय मंजुरी नाही.

सगळी साधनं फसली तर काय होतं, हाही प्रश्न पॅचनं उघडा ठेवला आहे. एसपीएल शेवटी हँगमध्ये जातं. एएम३३५एक्सवर बूट रॉम वॉचडॉग (वेळेत दाद मिळाली नाही तर चिप रीसेट करणारा टायमर) तीन मिनिटांवर लावून सोडतं, पण यू-बूटचा सुरुवातीचा कोड तो बंद करतो, कारण नाहीतर काही वेळानं बोर्ड अचानक रीसेट झाल्यासारखा वाटतो. म्हणजे हँगमध्ये गेलेला बोर्ड कुणीतरी वीज बंद-चालू करेपर्यंत तसाच राहतो. कार्ड स्लॉटमध्ये नीट बसलं नव्हतं किंवा सुरुवातीला व्होल्टेज डगमगत होतं, अशा तात्पुरत्या कारणांसाठी पुन्हा प्रयत्न व्हायला हवा. वॉचडॉग एसपीएलमध्येच चालू ठेवा, हा माझा ठाम सल्ला आहे. त्याचा दुसरा फायदा असा की सीआरसी जुळूनही चुकीचं निघालेलं यू-बूट मध्येच अडकलं, तर त्यातून बाहेर पडायला दुसरा मार्गच नसतो. यादीचा फॉलबॅक उडी मारण्याआधीपर्यंतच चालतो. उडीनंतरच्या बिघाडासाठी वॉचडॉग आणि बूट मोजणारा काउंटर लागतो. या चिपवर तो आरटीसीच्या (चिपमधल्या घड्याळाच्या) स्क्रॅच रजिस्टरमध्ये ठेवण्याची सोय यू-बूटमध्ये आहे. ते वेगळं काम आहे, या पॅचमध्ये घालू नका, पण पुढचं काम म्हणून नोंदवून ठेवा. वॉचडॉगनं केलेल्या वॉर्म, म्हणजे वीज न तोडता झालेल्या, रीसेटनंतर ईएमएमसी शहाण्यासारखी वागते का, हेही त्यात तपासायचं आहे. ईएमएमसीचा रीसेट पिन बोर्डावर जोडलेला असला तरी एक्स्टेंडेड सीएसडीमधलं (ईएमएमसीच्या स्वतःच्या सेटिंगांच्या तक्त्यातलं) १६२ क्रमांकाचं रजिस्टर लावल्याशिवाय तो काही करत नाही, आणि ते रजिस्टर एकदाच लिहिता येतं. दुसऱ्या चिपांवर याहून त्रासदायक प्रकार घडतो: लिनक्सनं कार्ड १.८ व्होल्टवर नेलेलं असतं, वॉर्म रीसेटमध्ये कार्डाची वीज जात नाही, आणि रॉम ३.३ व्होल्टवर त्याच्याशी बोलू पाहतं. काहीही बिघडलेलं नसताना फॉलबॅक सुरू होतो. एएम३३५एक्सवर हे होणार नाही, पण हाच पॅच तुमच्या पुढच्या बोर्डावर जाणार असेल तर कार्डाचा वीजपुरवठा रीसेटबरोबर खंडित होतो का ते हार्डवेअरवाल्यांना आत्ताच विचारा.

नंतर येणारा मोठा प्रश्न असा: कार्डावरून उठलेल्या यू-बूटला आपण कार्डावरून उठलो हे माहीत आहे का? पॅचनंतर एमएलओ ईएमएमसीचं आणि यू-बूट कार्डाचं अशी जोडी प्रथमच शक्य होते. त्या यू-बूटचं एन्व्हायर्नमेंट (साठवलेल्या सेटिंग्ज आणि बूट कमांड) कुठून येणार? ईएमएमसीवरून येत असेल तर तिथला बूट कमांड ईएमएमसीवरचंच कर्नल उठवेल. कार्ड फक्त बूटलोडर वाचवण्यासाठी असेल तर हे उत्तम आहे: यंत्र कामाला लागतं आणि ईएमएमसीवरचं यू-बूट मागाहून दुरुस्त करता येतं. कार्डावर पूर्ण बचाव प्रणाली असेल तर मात्र हे चुकीचं आहे. दोन्हीपैकी काय हवं हे तुमच्या सहकाऱ्यानं ठरवलेलं दिसत नाही, आणि ते कोडमधून कळणारही नाही. रॉकचिपच्या कोडमध्ये यासाठी चांगली पद्धत आहे. एसपीएल ज्या साधनावरून पुढची इमेज उचलतं त्याचं नाव डिव्हाइस ट्रीच्या चोझन नोडमध्ये लिहून पुढच्या टप्प्याला देतं. तुम्ही तेच करा असं नाही, पण लिनक्सपर्यंत ही माहिती पोचली पाहिजे. नाहीतर यंत्र महिनोन् महिने कार्डावर चालत राहील आणि ईएमएमसी बिघडली आहे हे कुणाला कळणार नाही. मग एक दिवस कुणीतरी कार्ड काढून घेईल.

सुरक्षेबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी दोन वाक्यं. एसपीएल सही तपासत असेल तर कार्डावरची इमेजही त्याच किल्लीनं तपासली जाते, त्यामुळे अनोळखी इमेज चालणार नाही. पण तुमचीच जुनी, सही असलेली आणि ज्ञात दोष असलेली इमेज कार्डावरून चालेल. उत्पादनाला ते परवडतं का, हे ठरवणाऱ्या माणसाला आजच कळवा.

रिव्ह्यूमध्ये मी लिहीन ते असं. पॅचचे तीन भाग करा: स्टॅटिक पॉइंटरची तुलना तुमच्या शाखेत नसेल तर ती पहिल्या भागात एकटी, कॉन्फिगरेशनचे बदल (रॉ इमेज बंद, तपासणी चालू, वॉचडॉग चालू) दुसऱ्यात आणि बोर्डाची यादी तिसऱ्यात. पहिला भाग तुमच्या उत्पादनापुरता नाही, म्हणून तो वेगळा असला तर मागे-पुढे नेता येतो. तिसऱ्या भागाच्या कमिट संदेशात कार्डाची भूमिका एका वाक्यात हवी. लॉग जोडायचे ते इतक्या प्रसंगांचे: यू-बूटचा हेडर पुसलेला, हेडर शाबूत पण मधला एक बाइट बदललेला, तेच पण कार्ड नसताना, तेच पण कार्डावरची फाइल अर्धवट असताना, उलट्या दिशेनं कार्डाकडून ईएमएमसीकडे, आणि यूएआरटीवरून अर्ध्यात तोडलेलं वायमोडेम. प्रत्येक प्रसंग एकदा वीज तोडून आणि एकदा वॉर्म रीसेटनं. मधला बाइट बदलण्याची चाचणी सर्वांत आधी करायला सांगा, कारण साइटवरच्या बिघाडाशी सगळ्यात जवळची तीच आहे. तिथे बोर्ड कार्डावर गेला नाही, तर बाकीचे लॉग मागवण्याआधी कॉन्फिगरेशनचा भाग दुरुस्त करून घ्या.